एक पानिपत, एक थेऊर

मराठी माणसाच्या बोलण्यात पानिपत वारंवार होत असते. मुलगा दहावीला गणितात उडाला की घरात म्हणतात, ‘पानिपत झाले.’ निवडणुकीत डिपॉझिट गेले की पानिपत, कापसाच्या बोंडात अळी शिरली की पानिपत. भाऊबंदकीत कुणी शब्द फिरवला तर जुनी माणसे मान हलवून म्हणतात, ‘अहो, विश्वास तर पानिपतावरच गेला!’ ज्याने नंदुरबारच्या पुढे कधी पाऊल टाकले नाही, असा माणूसही आमच्या खापरच्या बाजारात हे सहज बोलून जातो. १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या सुमारास, दिल्लीच्या पलीकडच्या एका माळावर जे घडले, ते अडीचशेहून अधिक वर्षे आपल्या तोंडी आहे. एका पराभवाला भाषेने इतके जपावे, असे फार थोड्या ठिकाणी झाले असेल.

थेऊरचे तसे नाही. ‘आमचे थेऊर झाले’ असे कोणी म्हणत नाही. अष्टविनायकाच्या यात्रेची गाडी तिथे थांबते, लोक चिंतामणीचे दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि पुढच्या गणपतीकडे निघतात. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी याच गावात माधवराव पेशवे क्षयाने गेले. वय अवघे सत्तावीस. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी, म्हणजे काही आपला सोयरा नव्हे. पण त्यानेसुद्धा लिहून ठेवले की, या तरुणाच्या अकाली जाण्याने मराठी राज्याचे झालेले नुकसान पानिपतापेक्षा कमी नव्हते.

या दोन जखमांवरच्या दोन कलाकृतींविषयी मला आज बोलायचे आहे. एक आहे २०१९ सालचा आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट. दुसरी आहे १९८७ सालची दूरदर्शनवरची ‘स्वामी’ ही मराठी मालिका. पहिलीने माझी निराशा केली. दुसरी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. गंमत अशी की जिथे चित्रपट संपतो, जवळजवळ तिथेच मालिकेची कथा सुरू होते. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही.

मी काही समीक्षक नाही. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. अक्कलकुव्याहून सागबाऱ्याकडे, म्हणजे गुजरातेत, जाणाऱ्या रस्त्यावरचे खापर हे माझे गाव. वडिलांचे इथे धान्य-किराण्याचे दुकान होते. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकाआधी मला रोजमेळ आणि खतावणी वाचता येऊ लागली. जमा कुठे, नावे कुठे, उधारी किती, हे पाहण्याची सवय लागली ती लागलीच. सिनेमा पाहतानासुद्धा ती सुटत नाही.

तीन तासांची लढाई

‘पानिपत’ लागला तेव्हा, २०१९ च्या डिसेंबरात, मी सुरतेला भाच्याकडे होते. सुरतेत निम्मे खानदेश राहते, असे आम्ही म्हणतो. थिएटरात मागच्या रांगेत अहिराणी ऐकू येत होती, पुढच्या रांगेत गुजराती, आणि पडद्यावर पेशवे हिंदी बोलत होते. मला त्याचे वावडे नाही. सीमेवरच्या गावात वाढलेल्या माणसाला भाषांची सरमिसळ अंगवळणी पडलेली असते.

अपेक्षा मात्र मोठी होती. ‘लगान’ करणारा, ‘जोधा अकबर’ करणारा दिग्दर्शक. शिवाय मराठी माणूस. विषय आपल्या काळजाचा. नितीन चंद्रकांत देसाईंनी उभा केलेला शनिवारवाडा डोळे दिपवणारा होता. अजय-अतुल यांचे संगीत ढोल-ताशाच्या अंगाने जाणारे. मल्हारराव होळकरांच्या भूमिकेत रवींद्र महाजनी दिसले, तेव्हा आमच्या पिढीतल्या साऱ्या बायका खुर्चीत जरा सावरून बसल्या. त्यांचा मुलगा गश्मीर याच चित्रपटात जनकोजी शिंदे झाला आहे. चित्रपट बनवणाऱ्यांनी मेहनत घेतलेली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग निराशा कशाची झाली?

पहिली गोष्ट सदाशिवरावभाऊंची. इतिहासातले भाऊ उदगीरच्या लढाईचे विजेते आहेतच, पण त्याआधी आणि त्याहून जास्त ते कारभारी आहेत. दौलतीचा जमाखर्च पाहणारा, थकबाकी काढणारा, चुलतभावालाही हिशेब मागणारा करडा माणूस. राघोबादादा उत्तरेच्या मोहिमेवरून परतले तेव्हा अटकेच्या कीर्तीबरोबर लाखो रुपयांचे कर्जही घेऊन आले. त्यावरून भाऊंचे आणि त्यांचे वाजले, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘अटकेपार झेंडा’ आपल्या भाषेत राहिला, त्या झेंड्याचे बिल मात्र राहिले नाही. चित्रपटात भाऊ खजिन्याचा हिशेब पाहू लागतो तेव्हा मला वाटले, आता खरा माणूस दिसणार. पण पाच-दहा मिनिटांत वह्या बाजूला पडल्या आणि तलवार हातात आली. त्यानंतर भाऊ फक्त शूर राहिला. शूर माणूस पाहताना टाळ्या वाजवता येतात. त्याची काळजी वाटायला लागण्यासाठी त्याच्या अडचणी समजाव्या लागतात.

भाऊंची खरी अडचण होती पैसा आणि दाणा. दिल्ली घेतल्यावर फौजेच्या पगारासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. विचार करा, बादशहाच्या दरबाराचे छत काढून शिपायाचा तनखा भागवायचा! एवढ्या एका प्रसंगात सगळे पानिपत सामावलेले आहे. घरापासून शेकडो कोस दूर, मागून रसद नाही, आणि हातात जिंकलेली, पण रिकामी राजधानी. चित्रपटात दिल्लीच्या विजयाचे गाणे सुरू झाले, तेव्हा मी मनातल्या मनात त्या चांदीचे वजन करत बसले होते.

दुसरी गोष्ट भुकेची. नोव्हेंबर १७६० पासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर तळ देऊन बसल्या होत्या. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मराठ्यांच्या छावणीत अन्नान्नदशा झाली. लढाई एका दिवसाची, उपासमार त्याआधीची दीड-दोन महिन्यांची. छावणीत शिपायांपेक्षा इतर माणसे जास्त होती असे इतिहास सांगतो. वाणी, लोहार, चांभार, भिस्ती, पालखीचे भोई, तीर्थयात्रेला म्हणून निघालेल्या बायका, पोरे. या सगळ्यांना मिळून आपल्याकडे ‘बाजारबुणगे’ हा शब्द आहे, तोही शिवीसारखा वापरला जातो. मी बाजारातल्या घरातली मुलगी. मला त्या माळावर माझेच लोक दिसतात. पंधरा दिवसांची ज्वारी शिल्लक आहे आणि गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नाही, अशा वेळी त्या वाण्याने काय केले असेल? कुणाला उधार दिले असेल, कुणाला परत पाठवले असेल? चित्रपटात भूक आहे, पण येऊन जाते. तीन तासांत तिला जेमतेम उभे राहायला जागा मिळाली आहे.

तिसरी गोष्ट शत्रूची. भव्य सिनेमाला खलनायक लागतो, आणि तो पहिल्याच दृश्यात ओळखू यावा लागतो. संजय दत्तचा अब्दाली तसाच आहे. डोळ्यांत काजळ, आवाजात गुरगुर. ज्याला घर सोडून आपल्याइतकेच दूर यावे लागले, ज्याचे सरदार परत फिरायला अधीर झाले होते, तो अब्दाली यात फारसा सापडत नाही. त्याहून वाईट झाले ते भरतपूरच्या सूरजमल जाटांचे. चित्रपट लागताच राजस्थानात त्यांच्या चित्रणावरून निदर्शने झाली आणि निर्मात्यांना काही प्रसंग कापावे लागले. कापाकापी योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. मला वाईट वाटले ते वेगळ्या कारणाने. लढाईनंतर जखमी, उपाशी, अंगावर धड वस्त्र नसलेली आपली माणसे वाट फुटेल तिकडे पळत सुटली, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमलने. आपल्या घरी पराभवाची गोष्ट सांगताना, ज्याने भाकरी दिली त्याचे नाव आधी घ्यायला हवे. एवढा साधा रिवाज आमच्या खेड्यातसुद्धा पाळला जातो.

मध्यंतरात भाच्याच्या मुलाने विचारले, ‘आजी, शेवटी आपण हरणार ना?’ मी म्हटले, ‘हो रे.’ तो म्हणाला, ‘मग एवढे गाणे कशाला म्हणतात?’ दहा वर्षांच्या मुलाने केलेली ही समीक्षा मला पुरेशी वाटली. पराभवाची कथा विजयाच्या चालीवर गायली की ती पोरांनाही खटकते.

सावकाराची चिठ्ठी

पानिपतची बातमी दक्षिणेत कशी पोचली, ते पुष्कळांनी शाळेत वाचले असेल. नानासाहेब पेशवे मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते. नर्मदा ओलांडून भेलशापर्यंत पोचले होते. तिथे त्यांच्या हाती एका सावकाराची चिठ्ठी लागली. मजकूर व्यापाऱ्याच्या सांकेतिक भाषेत होता. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व तांब्याची नाणी किती बुडाली त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार. चिल्लर म्हणजे तुम्ही-आम्ही.

एवढ्या मोठ्या संहाराची खबर जमाखर्चाच्या भाषेत यावी, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. वडिलांना मी हे वाचून दाखवले होते. ते काही क्षण गप्प बसले आणि म्हणाले, ‘ज्याने हे लिहिले त्याचा हात थरथरला असेल, पण अक्षर नीट काढले असणार. नाहीतर वाचणाऱ्याला कळले कसे असते?’

ऐतिहासिक कथा कशी सांगावी, याविषयी मी आजवर बरेच वाचले, पण वडिलांच्या या एका वाक्याहून अधिक काही मला सापडले नाही. हात थरथरू दे, अक्षर नीट निघाले पाहिजे. ‘स्वामी’ मालिकेचे अक्षर असे होते.

उजेड कमी, वेळ भरपूर

नानासाहेब त्या धक्क्यातून उठले नाहीत. जून १७६१ मध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला, आणि पुढच्याच महिन्यात सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. थोरला भाऊ पानिपतावर गेलेला, वडील त्या दुःखाने गेलेले, डोक्यावर कर्ज, दाराशी निजाम आणि हैदर, आणि घरात राघोबादादांसारखे काका. रणजित देसाईंनी १९६२ मध्ये ‘स्वामी’ कादंबरी लिहिली ती या मुलाची. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मराठी घरांतून तिची जी पारायणे झाली, त्यांना मात्र मोजमाप नाही.

तिच्यावर मालिका झाली तेव्हा मी पुण्यात शिकत होते. घरमालकांच्या दिवाणखान्यात काळा-पांढरा टीव्ही होता. त्यांच्या मुली, सुना, शेजारच्या दोन म्हाताऱ्या आणि आम्ही चौघी भाडेकरू मुली असा फड जमायचा. मालकीणबाई आधीच ताकीद देत, ‘मध्ये कुणी बोलायचे नाही, आणि रडायचे असेल तर आवाज न करता.’

दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. वयाची ऐंशी गाठत आलेले. याच जागीरदारांनी १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात रामशास्त्री प्रभुणे उभे केले होते. तरुणपणी ज्यांनी न्यायाधीश रंगवला, त्यांनीच उतारवयात त्या न्यायाधीशाच्या धन्याची गोष्ट सांगितली. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये ते गेले. माधवराव झाले रवींद्र मंकणी, राघोबादादा श्रीकांत मोघे, आणि रमाबाई झाली मृणाल देव, म्हणजे आताची मृणाल कुलकर्णी. गो. नी. दांडेकरांची ही नात तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती.

त्या मालिकेत भव्य असे काय होते? आजच्या मुलांना दाखवले तर म्हणतील, काहीच नाही. दोन-चार दालने, समया, तक्ते, लोड, दाराशी भालदार. लढाई असली तर ती बहुधा कुणीतरी येऊन सांगायची. पैसा कमी होता, हे लपत नव्हते. पण जे दूरदर्शनजवळ होते, ते या तीन तासांच्या चित्रपटाजवळ नव्हते, आणि ते म्हणजे वेळ. माणूस दारातून आत येई, मुजरा करी, बसे, पानाचे तबक पुढे येई, आणि मग बोलणे सुरू होई. काका-पुतण्यांच्या बोलण्यात दोन वाक्यांमध्ये जी शांतता असे, तिच्यात सगळे राजकारण भरलेले असे. राघोबादादा वाईट नव्हते. ते प्रेमळ होते, शूर होते, आणि तरी घराला घातक होते. आपल्याकडे असा एक काका कुठल्या घरात नसतो? मोघ्यांनी तो असा रंगवला की त्यांचा राग येता येता कीव येई. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत पुतण्याने काकांना पराभूत करून कैद केले, हे इतिहासात एका ओळीत संपते. मालिकेने त्या ओळीमागचे घर दाखवले.

मंकणींचा माधवराव मला सर्वांत अधिक का आवडला असेल, तर त्याच्या दमण्यामुळे. दिवसभर दप्तर पाहून डोळे चोळणारा तरुण. खोकला आला की तो दाबून पुढचा कागद मागणारा. रयतेकडून वेठ घेणाऱ्या अंमलदारांना शासन करणारा. आणि स्नानसंध्येत फार वेळ जाऊ लागला तेव्हा रामशास्त्र्यांनी ‘राज्य करायचे नसेल तर काशीला चला’ अशा अर्थाचे सुनावले, ते मुकाट ऐकून घेणारा. मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी नऊ कलमांची याद करून ठेवली. तीत राज्यावरचे कर्ज फेडण्याची चिंता आहे. पानिपतचे जे बिल भाऊंच्या मागे राहिले होते, ते अकरा वर्षे या मुलाने भरत आणले.

रमा-माधवाचे प्रेमही या कामाच्या फटींतून दिसे. तिने ताट वाढून वाट पाहायची, त्याने ‘येतोच’ म्हणून निरोप पाठवायचा आणि यायचे नाही. आमच्या मालकीणबाईंचे यजमान रेल्वेत होते. त्या अशा प्रसंगी पदर तोंडाला लावीत. कुणाचे अश्रू कुणासाठी होते, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

नातीचा प्रश्न

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’ पुन्हा दाखवले. त्याच दिवसांत माझ्या मुलाने ‘स्वामी’चे जुने भाग मोबाइलवर शोधून टीव्हीला जोडून दिले. चित्र धूसर, आवाज खरखरीत. थोरले दीर, ज्यांना सगळे घर आबा म्हणते, पहिले दोन दिवस कुरकुरले, ‘हाऊ राजा दप्तरच वाचस, लढाई कव्हय करस?’ तिसऱ्या दिवशी वेळेआधी येऊन बसले. आबांनी आयुष्यभर सोसायटीचे कर्ज फेडले आहे. त्या नऊ कलमांची गोष्ट मी सांगितली, तेव्हा म्हणाले, ‘आधी कर्ज फेडस, मंग डोया मिटस. खरा मानूस शे.’

माझी नात तेव्हा अकरावीत होती. माधवरावांच्या पाठोपाठ रमाबाई थेऊरला सती गेल्या, हे तिला ठाऊक नव्हते. सगळे घर डोळे पुसत असताना तिने विचारले, ‘आजी, एवढी हुशार मुलगी चितेवर चढते, आणि आपल्याला ते सुंदर का वाटते?’

मी तिला टाळले नाही. सांगितले की ज्या वर्षी ही मालिका आली, त्याच १९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या देवराला गावी रूपकंवर या अठरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याच्या चितेवर मरण आले. देशभर संताप उसळला आणि सतीप्रथेविरुद्ध नवा कायदा झाला. तेव्हा पुण्याच्या दिवाणखान्यात आम्ही बायका यावर भांडलोही होतो. भाडेकरू मुलींपैकी एकीने तुमच्या नातीसारखाच प्रश्न विचारला असता, असे नव्हे, विचारलाच होता. मालकीणबाईंनी तिला गप्प केले नाही. त्या म्हणाल्या होत्या, ‘रमा गेली म्हणून मी रडते. तिने जायला हवे होते असे मी कुठे म्हणते?’

हे उत्तर नातीला पुरले नाही. पुरू नयेच. प्रिय कलाकृतीला असे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. थेऊरचे वृंदावन पाहताना हात जोडले जातात, ते जोडावेत. पण त्या दगडाखाली एका तरुण मुलीचे आयुष्य आहे, हेही त्याच वेळी आठवावे. मृणाल कुलकर्णींनी २०१४ मध्ये ‘रमा माधव’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, तेव्हा नावात रमा आधी आली. त्या चित्रपटात आलोक राजवाडे आणि पर्ण पेठे हे माधव आणि रमा झाले. आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचे माधवराव, रवींद्र मंकणी, झाले नानासाहेब, तर जुनी रमा झाली सासू गोपिकाबाई. ज्या घरात सून म्हणून पाऊल टाकले, त्याच घरात सासू म्हणून उभे राहून ती कथा पुन्हा सांगायची. हा योग कुठल्या लेखकाला सुचला नसता.

दुसरा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो मोलगीकडचा, आता स्वतः शिक्षक आहे. ‘पानिपत’ त्यानेही पाहिला होता, ‘स्वामी’ मी त्याला दाखवली. तो म्हणाला, ‘बाई, दोन्हींत पुणे आहे आणि दिल्ली आहे. मधला डोंगर कुठे आहे?’ बरोबर आहे त्याचे. दक्षिणेतून उत्तरेत जायचे तर सातपुडा आणि नर्मदा ओलांडावीच लागते. या डोंगरात भिल्लांच्या वाटा होत्या, त्यांचे नाईक होते, त्यांची राज्ये होती. काठीची राजवाडी होळी आजही हजारोंना बोलावते. ते लोक पडद्यावर आले तर घाटातून फौज जाताना मागे उभे असलेले दिसतात, तेही क्षणभर. त्यांच्याकडून ही कथा सांगायला कुणीतरी त्यांच्यातलाच उभा राहायला हवा. मी त्याला तसे म्हटले. तो हसला, पण ‘नाही’ म्हणाला नाही.

हिशेब

तर माझा जमाखर्च असा. ‘पानिपत’च्या जमेला मेहनत आहे, श्रद्धा आहे, देखावा आहे. नावेवर आहे ती घाई, आणि पराभवाची लाज वाटल्यासारखी गाणी. ‘स्वामी’च्या जमेला आहे वेळ, माणसे, कर्ज, खोकला, काका-पुतण्या. नावेवर आहे एक चिता, जिच्याभोवती थोडा जास्तच सोनेरी उजेड पडला आहे. दोन्ही वह्या तुमच्यासमोर उघड्या ठेवल्या आहेत. बेरीज तुमची तुम्ही करावी.

जुन्या काळावरची नाटके, चित्रपट, मालिका पुढेही निघत राहतील, आणि निघाव्यात. तंत्र सुधारले आहे. हजार हत्ती संगणकावर उभे करता येतात. तसे ते खुशाल करावेत. पण एखाद्याने कधी असाही चित्रपट काढावा, जो १५ जानेवारी १७६१ च्या सकाळी सुरू होतो. भरतपूरच्या वाटेवर कुणीतरी अनोळखी बाई वाटसरूच्या हातावर भाकरी ठेवते आहे. भेलशाच्या तळावर कुणीतरी ती चिठ्ठी उलगडते आहे. छावणीतून जीव वाचवून निघालेला एखादा वाणी दक्षिणेची वाट धरून चालला आहे, आणि त्याच्या पाठीवर उधारीची वही आहे, जिच्यातले एकही कूळ आता जिवंत नाही. तो घरी पोचला असेल का, आणि पोचल्यावर बायकोला पहिले काय बोलला असेल?

तो चित्रपट आला की मला कळवा. सुरतेलाच काय, त्यासाठी मी मुंबईलासुद्धा येईन.